घुगऱ्या, मिलो आणि रेशनचा गहू

(पोस्ट मोठी आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. विषय आपल्याच ताटातला आहे.)

दिवाळीला लेक पुण्याहून आली तेव्हा तिच्या बॅगेत एक चकचकीत पाकीट होतं. अर्धा किलोचं. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं, आत अख्खी ज्वारी. मागच्या बाजूला कृती: आठ-दहा तास भिजत घाला, कुकरला सात-आठ शिट्ट्या द्या, पाणी निथळून भाज्यांमध्ये मिसळा. किंमत शंभराच्या वर. आणि हे पाकीट आलं कुठे, तर मंगळवेढ्यात! ज्या घराच्या मागच्या खोलीत मालदांडीची पोती थप्पीला लावलेली आहेत आणि शेतात पुढच्या सालची ज्वारी गुडघ्याला लागली आहे, त्या घरात.

लेकीने हौसेने शिजवली. आईपुढे वाटी ठेवली. आई सत्तरी ओलांडलेली. तिने चमच्याने दोन दाणे तोंडात टाकले आणि हसायला लागली. "अगं, ह्या तर घुगऱ्या की! मीठ घाल, शेंगाची चटणी घे वरनं." लेक म्हणाली, "आज्जी, तू आधी खाल्ल्यात?" आई म्हणाली, "खाल्ल्यात म्हंजे? बैलास्नी घालायचो आणि आपण बी खायचो." मग जरा वेळ गप्प बसली आणि हळूच म्हणाली, "बहात्तरला मिलोच्या केल्या होत्या. किती जाळ घातला तरी शिजायच्याच न्हाईत."

एवढंच बोलली. पण मला रात्री झोप लागली नाही. ज्या दाण्यावर आपल्या कैक पिढ्या जगल्या, तो दाणा आधी लाजेचा झाला, मग बैलाचा झाला, मग गायबच झाला, आणि आता पाकिटात बसून पुण्याहून परत आला. हे आपोआप झालं का? "लोकांची आवड बदलली," असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. आवड अशी हवेतून बदलत नाही, तिच्यामागे इतिहास असतो. तो जमेल तसा मांडतोय.

पहिली गोष्ट म्हणजे ज्वारी ही काही इथे आदिकालापासून उगवलेली नाही. ज्वारीचं मूळ आफ्रिकेच्या ईशान्य भागात, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यात. बाजरी आली पश्चिम आफ्रिकेतून, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. त्यांचं मुख्य धान्य होतं जव, म्हणजे सातू. तेव्हा "आमच्या पूर्वजांचं सनातन अन्न" वगैरे छाती फुगवायचं कारण नाही. पण पाहुणी म्हणून आलेली ज्वारी या काळ्या रानात अशी रुजली की घरचीच झाली. कारण साधं आहे. आपल्याकडे पाऊस येतो तो भाद्रपदात, आश्विनात, परतीच्या वाटेवर. काळी जमीन ते पाणी पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची आणि पुढे एक थेंब पाणी न देता माघ-फाल्गुनात काढायची. माणसाला दाणा, जनावराला कडबा. एवढ्या कमी पाण्यात दोघांची पोटं भरणारं दुसरं पीक या रानाला मिळालं नाही.

ही ज्वारी साठवायची कशी, तर पेवात. जमिनीत खोल खड्डा, आतून शेणामातीने सारवलेला, कडब्याचं अस्तर, तोंड माती लिंपून बंद. वर्षानुवर्षं धान्य टिकायचं. "पेव फुटलं" हा शब्द आपण आज क्लासेसना आणि पतसंस्थांना वापरतो, तो मुळात या धान्याचा आहे. आणि आपल्या गावाची तर ओळखच कोठारावरून. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची परवानगी न घेता धान्याची कोठारं लोकांना खुली केली, ही कथा महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवा. उरतं ते असं: धान्य होतं, कोठारात होतं, आणि लोक बाहेर मरत होते. प्रश्न धान्याचा नव्हता, किल्लीचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

आता घरात या. आज "अख्खं धान्य खा" असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडे अख्खं धान्य असा वेगळा प्रकारच नव्हता. भाकरी म्हणजेच अख्खं धान्य. ज्वारी दळायची ती सालासकट आणि कोंबासकट, त्यातलं काही काढून टाकायचं नाही. त्याशिवाय न दळता शिजवायचे पदार्थ किती तरी. रात्रभर भिजवून, मिठात उकडलेल्या घुगऱ्या. ज्वारी जात्यावर भरडून, पीठ चाळून वेगळं केलं की खाली राहतात त्या कण्या. त्या धुवून चौपट आधणात टाकायच्या, मंद जाळावर ढवळत राहायचं, आणि ताक-कांद्याबरोबर ओरपायच्या. विदुराघरच्या कण्या देवाने खाल्ल्या असं आपण कीर्तनात ऐकत आलोय, त्या ह्याच जातीच्या. पलीकडे मराठवाड्यात ठोंबरा, वेळ अमावस्येला शेतात अंबिल आणि उंडे. नगर-खानदेशाकडे बाजरीचा खिचडा: बाजरी ओली करून, उखळात कांडून, कोंडा पाखडून, मुगाच्या डाळीबरोबर शिजवलेला. आपल्याकडे उरुसाला, जत्रेला खपली गव्हाची खीर: तीही तशीच कांडून, गुळात तासन्‌तास रटरटणारी. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, थंडीत हुरडा. एकाच दाण्याची कोवळेपणापासून वाळेपर्यंतची सगळी वयं आपण खायचो.

पण हे सांगताना आपण पुरुष एक गोष्ट विसरतो. हे सगळं करत कोण होतं?

पहाटे तीन-चारला उठून जातं ओढायचं. घरात दहा माणसं असली तर दोन-तीन तासांचं दळण. मग पाणी, मग चूल, मग भाकऱ्या, मग शेतात. खिचडा करायचा तर उखळ-मुसळ, हाताला फोड. जात्यावर बायांनी जे गायलं त्या ओव्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. एक लाख ओव्या! आपण त्याला लोकसाहित्याचं वैभव म्हणतो. म्हणावं. पण एक लाख ओव्या म्हणजे किती पहाटा, किती खांदे दुखले, हेही मोजावं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. तिथे देव दळू लागला अशी श्रद्धा आहे. मला त्यात एवढंच दिसतं, की त्या कामाला माणसातलं कोणी मदतीला येत नव्हतं.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आमच्या आजीने म्हणे गिरणीला नारळ फोडला होता. बरोबरच केलं. त्यामुळे "जुनं ते सोनं" म्हणत जात्याच्या आठवणी काढणाऱ्यांना मी आधी आठवडाभर जातं ओढायला सांगतो.

आणि जुन्या काळी सगळे पोटभर खात होते असंही नाही. 1876 ते 78 चा दुष्काळ घ्या. सोलापूर, विजापूर, कलादगी या पट्ट्यात हाहाकार झाला. मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात, पण आभाळाला संस्थानाची हद्द कळत नाही. तेव्हा रेल्वे होती, सोलापूरला 1860 सालीच पोचली होती. दुष्काळातही देशाबाहेर धान्य जात होतं. सरकारी कामावरच्या मजुराला किती द्यायचं, यावर रिचर्ड टेंपल साहेबाने हिशोब मांडला: दिवसाला एक रत्तल धान्य येईल एवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशींनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. दामाजीपंतांच्या कथेतला प्रश्न परत तोच. धान्य होतं, किल्ली दुसऱ्याकडे होती.

दुसरी गोष्ट, जी ज्वारीचे भक्त सांगत नाहीत. 1960 साली हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या गरीब मजुरांमधल्या पेलाग्रा नावाच्या रोगावर लिहिलं. कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब लागतात, भ्रम होतो. हा रोग त्यांना आढळला ज्वारीवर जगणाऱ्या माणसांमध्ये. म्हणजे ज्वारी विष आहे का? अजिबात नाही. ज्याच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, ताक, भाजी होती त्याला काही झालं नाही. ज्याच्या ताटात नुसती ज्वारीच होती तो आजारी पडला. रोग धान्याचा नव्हता, गरिबीचा होता. तेव्हा "आमचे आजोबा भाकरी खाऊन शंभर वर्षं जगले" हे वाक्य जपून वापरा. ज्यांचे आजोबा जगले नाहीत ते फेसबुकवर लिहायला आलेले नाहीत.

आता येऊ ज्वारी ताटातून गेली कशी याकडे.

1956 साली भारताने अमेरिकेशी पीएल-480 चा पहिला करार केला. अमेरिकेचा जादा गहू आपल्याला रुपयात मिळू लागला. 1965 आणि 66 ला लागोपाठ पाऊस गेला, तेव्हा बोटीने आलेल्या धान्यावर देश जगत होता. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करा असं सांगितलं तो हाच काळ. याच गव्हाबरोबर आली लाल ज्वारी, मिलो. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांना घालतात. आपल्याकडे ती माणसांच्या रेशनवर आली.

सरकारने मग ठरवलं की असं हात पसरणं नको. बरोबर ठरवलं. 1965 साली भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं, भाव ठरवायला आयोग नेमला, मेक्सिकोचं बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. 1964-65 ला देशात सव्वाशे लाख टनांच्या आसपास गहू पिकत होता, तो 1971-72 ला दुपटीच्या वर गेला. ही किमया आहे, तिला नावं ठेवणारा मी नाही. पण लक्षात घ्या, हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी झाली ती मुख्यतः पंजाब-हरियाणाच्या गव्हाची आणि तांदळाची. कोठारात जे भरलं तेच रेशनवर आलं. आपल्याकडे उलटा प्रकार. शेतकऱ्याकडून लेव्ही म्हणून ज्वारी घ्यायची, आणि रेशनच्या दुकानातून त्याला गहू द्यायचा.

मग 1972. सलग तिसरं नापिकीचं वर्ष. 1970-71 ला राज्यात ज्वारी पिकली होती जेमतेम 15-16 लाख टन. दहा वर्षांपूर्वी ती 42 लाख टन होती. बहात्तरला तर रान कोरडंच पडलं. आईचं लग्न आदल्या साली झालेलं. नवी सून खडी फोडायला रोडवर. तेव्हा वि. स. पागे यांनी आधी विसापूरला, तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना राज्याने उचलली: मागेल त्याला काम. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे त्याचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. देशाच्या रोजगार हमीची आई ती हीच. या दुष्काळात भूकबळी त्या मानाने फार कमी झाले, आणि त्याचं श्रेय त्या कामांना, त्या रेशनला आहे. कामावर सुकडी मिळायची, रेशनला मिलो मिळायची. मिलोने जीव वाचवला हे खरं आहे.

पण आई सांगते ते पण खरं आहे. "भाकरी थापायला जावं तर तुकडे पडायचे. रंग लाल, वास येगळा. पोरं तोंड फिरवायची. आणि समद्यास्नी ठावं होतं की हे तिकडं डुकरं-कोंबड्या खात्यात." ही मनाला लागलेली गोष्ट. ज्वारी म्हणजे दुष्काळ, ज्वारी म्हणजे लाचारी, असं एक नातं त्या दोन वर्षांत मनात बसलं. आणि त्याच रेशनच्या दुकानात शेजारच्या पोत्यात पांढरा गहू होता.

तिसरी गोष्ट हायब्रीड. देशात पहिला ज्वारीचा संकरित वाण, सीएसएच-1, 1964 साली आला. पुढे सीएसएच-5, सीएसएच-9. खरिपातली ज्वारी एकरी कितीतरी जास्त पिकू लागली. पण ती काढणीला येते तेव्हा पाऊस असतो. कणसात पाणी गेलं की दाणा काळा पडतो, बुरशी धरतो. भाकरी काळपट, चव नाही. बाजारात भाव नाही. आपली मालदांडी वेगळी. 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली, टपोरा, मोत्यासारखा दाणा. पण ती रब्बीची, कमी उताऱ्याची. शहरातल्या माणसाच्या हाती "ज्वारी" म्हणून बऱ्याचदा आलं ते काळं हायब्रीड. त्याने एकदा खाल्लं आणि पोळीकडे वळला. त्याला दोष कसा द्यायचा?

चौथी गोष्ट पाणी आणि मजूर. 1980 साली उजनी पुरी झाली. जिथे पाणी गेलं तिथे ऊस गेला. आज साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्ह्याचं नाव राज्यात वर आहे. जिथे पाणी नाही गेलं तिथे माणूस ऊस तोडायला गेला. ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या. त्या कामाला बाई-माणूस मिळेना. ट्रॅक्टर आला, बैल गेले, कडब्याची गरज घटली. विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं.

आकडे बघा. 1960-61 ला राज्यात ज्वारीखाली सुमारे 63 लाख हेक्टर. 1990-91 पर्यंतही तेवढंच. 2010-11 ला 40 लाख. आता ते 20 लाखांच्या आसपास घुटमळतंय, आणि सोयाबीन 40 लाखांच्या वर आहे. म्हणजे मिलोच्या काळातसुद्धा ज्वारी रानातून गेली नव्हती. ती गेली गेल्या तीस वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत. आधी ताटातून गेली, मग रानातून.

मध्ये एक मासला. 2007 साली राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण आणलं. ज्वारी, बाजरी, मका. त्यावर पुढे बराच गदारोळ झाला. ज्या दाण्याला ताटात नेण्यासाठी फारसं कोणी हललं नाही, त्याला बाटलीत नेण्यासाठी सरकारी पैसा निघाला. नुसती नोंद करून पुढे जातो.

आता आजचं चित्र. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात काय लिहिलं होतं? तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, आणि भरड धान्य एक रुपया किलो. म्हणजे ज्वारी-बाजरी कायद्यात आहे! 2023 पासून हे धान्य मोफत आहे. पण आपल्या गावच्या दुकानात वर्षभर काय मिळतं, ते तुम्ही सांगा. गहू आणि तांदूळ. मालदांडी पिकवणारा शेतकरी ज्वारी विकतो आणि रेशनचा गहू दळून आणतो. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण सत्कार केले, फोटो काढले. 2018 ला केंद्राने भरड धान्याचं नाव बदलून पौष्टिक तृणधान्य केलं, 2023 ला जागतिक वर्ष साजरं झालं, "श्री अन्न" नाव दिलं. नावं तीन बदलली. आपल्या रेशनचं पोतं तेच राहिलं.

हे होऊच शकत नाही असं कोणी म्हणेल, तर आपल्या शिवेपलीकडे बघा. विजयपूर आपल्यापासून किती लांब आहे? कर्नाटक सरकार रेशनवर दक्षिणेत नाचणी आणि उत्तरेत ज्वारी देत आलंय. ओडिशाने 2017 पासून नाचणीची मोहीम चालवली, आदिवासी जिल्ह्यांत नाचणी खरेदी करून अंगणवाडीत लाडू दिले. जमतं ते.

अडचणीही आहेत, त्या लपवत नाही. मालदांडीला बाजारात बऱ्याचदा हमीभावापेक्षा जास्त दर मिळतो. मग सरकारी केंद्रावर ती कोण देणार? हायब्रीडची खरेदी केली तर काळा दाणा लोकांच्या माथी. म्हणजे खरेदी करायची तर दर्जाप्रमाणे भाव द्यावा लागेल, आणि जवळच्या जवळ वाटावी लागेल. ज्वारीचं पीठ महिनाभर ठेवलं की त्याची विरी जाते, भाकरी फाटते. बाजरीचं तर लवकरच कडू होतं. मैद्यासारखं ते गोदामात पडून राहू शकत नाही. अख्खा दाणा ठेवायचा आणि लागेल तसा दळायचा, हीच त्याची रीत. पेव त्यासाठीच होतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे भाकरी थापणार कोण? इथे आपण पुरुषांनी गप्प बसू नये. "आजकालच्या मुलींना भाकरी येत नाही" हे वाक्य मी कट्ट्यावर रोज ऐकतो. अरे, मग तू शिक की! गरम पाणी घाल, पीठ तळहाताने रगड, काठवटीत थाप, पाण्याचा हात फिरव, उलट. पहिल्या दहा फाटतील, अकरावी फुगेल. तेही नको असेल तर घुगऱ्या आणि कण्यांना थापायचं कौशल्य लागतच नाही. रात्री भिजत टाकायच्या, सकाळी कुकर लावायचा. जे काम जात्या-उखळाने बायांच्या अंगावर टाकलं होतं ते आता गिरणी आणि कुकर करतात. कष्टाशिवाय अख्खं धान्य शिजवता येईल अशी सोय इतिहासात पहिल्यांदाच आपल्या घरात आलीय, आणि नेमकं तेव्हाच घरात धान्य नाही.

म्हणून माझं मागणं दोन ओळींचं आहे. एक, पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावचा ठराव करा: रेशनवर आणि अंगणवाडीत वर्षातले काही महिने तरी तालुक्यातली ज्वारी द्या, आणि ती दर्जाप्रमाणे भाव देऊन इथेच खरेदी करा. मी मसुदा लिहून ठेवलाय, ज्यांना हवा त्यांनी सांगा. दोन, हे फुकटच्या उपकाराचं धान्य म्हणून नको, मानाचं धान्य म्हणून यावं. परत मिलो नको. सडका, काळा, पाखडून उरलेला दाणा गरिबाच्या पोत्यात टाकून वर "श्री अन्न" असा शिक्का मारला, तर पन्नास वर्षांपूर्वीची लाज आपण परत पेरू.

लेक चार दिवसांनी पुण्याला परत निघाली. आईने तिच्या बॅगेत पाच किलो मालदांडी घातली, निवडून, पाखडून. लेक म्हणाली, "आज्जी, ओझं होतंय गं." आई म्हणाली, "आसू दे. इकत कशाला घ्यायची घरची?" ते रिकामं पाकीट मात्र आईने टाकलं नाही. धुवून, वाळवून त्यात मोहरी भरून ठेवलीय.

तुमच्या घरात बहात्तर पाहिलेलं कोणी असेल तर आज त्यांच्याजवळ बसा. मिलोबद्दल विचारा, कण्यांबद्दल विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत खाली लिहा. ही माणसं आता थोडी उरलीत.